लाल दोऱ्याची सुरू

चर्चमधली सकाळी सहाची मिस्सा आटोपून आलेल्या रोवेनाने पदर खोचला, विहिरीचं मचूळ पाणी शेंदलं आणि मागच्या दारी भिंतीकडेच्या चाळीस पिशव्यांत अर्धा अर्धा तांब्या घातलं. कोणाला थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. पिशव्यांत सुरूच्या झाडाची रोपं होती. वीस पिशव्यांना लाल दोरा, विसांना पांढरा.

दहा वर्षांपूर्वी तिच्या दिराने, प्लासिडने, सुरूची रोपं आणली होती. निम्मी त्याने नंदाखालला आपल्या वाडीत लावली, निम्मी समुद्राकाठच्या भुईगावला तिच्या केळींच्या आडोशासाठी दिली. त्याची माडांच्या वर गेली; तिची समुद्राच्या वाऱ्याने कंबरेत मोडल्यासारखी वाकली. मेल्याने चांगली निवडून ठेवली, हे तिच्या मनात पक्कं होतं. म्हणूनच पावसाळ्याआधी तिने त्याच्या झाडाची बोंडं गुपचूप ओटीत भरून आणली होती. लाल दोरा त्यांच्या बियांतून उगवलेल्या रोपांना. पांढरा तिच्या झाडांच्या रोपांना.

फाटकाशी स्कूटर थांबली.

"वहिनी, आमच्या सॅन्ड्राच्या लग्नाची पत्रिका," प्लासिड ओट्यावर बसत म्हणाला. "तिच्या भावाच्या, रायनच्या लग्नाला आली नाहीस. या वेळी तरी ये."

"बघू. तुझी सुरू काय म्हणते?"

"माजलीय! तारांना लागते म्हणून वीजवाले शेंडा छाटून गेले." त्याने पत्रिका तिच्या हातात दिली. "त्या झाडांवरून तिरकं बघतेस ना माझ्याकडे? एकाच वाफ्यातली रोपं होती, वहिनी."

"मग तुझी वाढली कशी?"

"माझ्याकडे गोडं पाणी, तुझ्याकडे खारा वारा. वारा पण मीच निवडून दिला काय?"

चोरालाच असं हसून बोलता येतं, तिला वाटलं. चहाचं निमित्त करून ती मागच्या दारी गेली आणि वितीने मोजू लागली. लाल: तीन, दोन, साडेतीन. पांढरी: साडेतीन, दोन, तीन. एका झाडाची पोरंही सारखी नव्हती. पण दोन रांगांत डावं-उजवं करायला जागा नव्हती. तिने पुन्हा मोजलं. आपल्या हाताचाच संशय आला, म्हणून तिसऱ्यांदा मोजलं.

मग कोयता घेऊन तिने चाळीसही दोरे कापले आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकले.

"काय जळतंय गं?" ओट्यावरून आवाज आला.

"काही नाही. चहा घेऊनच जा. आणि सॅन्ड्राला सांग, काकी आदल्या दिवशीच येणार."

आधण येईपर्यंत तिने पिशव्या उचलून एकमेकींत सरमिसळ केल्या. कोणती कोणाची, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.