स्वागताचं ताट

रशियातल्या कोस्त्रोमा शहराच्या व्यापाऱ्यांना नव्या गव्हर्नरांच्या स्वागतासाठी रिवाजाप्रमाणे पाव-मीठ ठेवायचं चांदीचं ताट हवं होतं. कारागीर येवलाम्पीने निळ्या मिन्यात नाव भरून ते भट्टीतून काढलं आणि गव्हर्नरांची बदली झाली. त्याने नाव खरवडून दुसरं भरलं, तर दुसरे साहेब वाटेतूनच परतले. आज व्यापाऱ्यांचे पुढारी सावा लुकिच तिसरं नाव घेऊन हजर! “अहो, पुन्हा भट्टीत घातलं तर मिना तडकेल!” येवलाम्पी करवादला. “हेही बदलले तर?” “तेव्हाचं तेव्हा बघू. कामाला लाग!” सावा लुकिच जेवायला गेल्यावर येवलाम्पीने दातओठ खात दोनच शब्द भरले, क्रुसाची खूण केली आणि ताट भट्टीत सरकवलं. ते अखंड बाहेर आलं: ‘आमच्या पाहुण्यास’. परतलेल्या सावा लुकिचांनी वाचून टाळी वाजवली. “गाढवा, हे आधी नाही सुचलं?” येवलाम्पी बाहेर जाऊन बर्फाला लाथा घालू लागला.