खोलवर समजलेलं गिऱ्हाईक

'ग्राहकाला खोलवर समजून घ्या' हे वर्कशॉप केल्यापासून आखातात, करामा भागात पुरणपोळ्या करून विकणाऱ्या आत्माराम पेडणेकरांच्या अंगात कन्सल्टंट संचारला होता. "ऑर्डर नाही, माणूस वाचायचा! यल्ला, चला!" असं बायकोला ऐकवून ते थेट अल नहदा भागात पोहोचले. तिथली शर्वाणी त्यांच्याकडून दर आठवड्याला पुरणपोळ्या मागवायची. ती आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती. दार उघडलं सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी.

"काकू, आमच्या पुरणपोळ्या कशा वाटतात? अगदी मनापासून सांगा."

"तुमच्या?" सासूबाईंचा आवाज चढला. "अहो, आमच्याकडे पुरणपोळ्या सूनबाई स्वतः करते!"

सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आत्मारामांनी आपल्याच तोंडाने घालवलं होतं, वर एका घरात महाभारत लावून दिलं होतं. "सॉरी हं, फ्लॅट चुकला," म्हणत ते लिफ्टकडे पळाले.

सासूबाई मागोमाग बाहेर आल्या आणि त्यांनी पाठीमागे दार ओढून घेतलं.


"मला पहिल्या घासालाच कळलं होतं हो," त्या कुजबुजल्या, "पण तिला कळू देऊ नका, नाहीतर ती खरंच स्वतः करायला लागेल!"