निकाल लागला तेव्हा

सांगलीत कुमुद तुंगारेनं सोसायटीविरुद्धचा खटला अकरा वाजता जिंकला आणि पुढच्याच मिनिटाला तिच्या दारासमोरचं काँक्रीट हललं. नव्या कायद्यानं न्यायालयाचा आदेश थेट इमारतींनाच पोचत होता. पायऱ्या एकमेकींत मिसळल्या आणि दुसऱ्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत हळुवार वळणांचा उतार झाला.

नऊ वर्षांनी कुमुदनं आपली व्हीलचेअर स्वतः खाली आणली. खटल्यात तिला विरोध करणारे सेक्रेटरी देवधर फाटकात थिजून उभे होते.

"कुमुदताई, समोर बघा."

निकाल साऱ्या शहराला लागू होता. प्रत्येक इमारतीतून कुणी कुबड्यांवर, कुणी खुर्चीत बसून उतरत होतं. रस्ता भरत चालला होता.

"एवढी माणसं इथंच राहत होती?" देवधरांनी विचारलं.

"मलाही माहीत नव्हतं," कुमुद म्हणाली आणि रस्त्यावरच्या माणसांकडे निघाली.