दर्दी

दर्दींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मान तिरकी करून चित्रापासून दोन पावलं मागे सरकले. मग म्हणाले, "हं."

हा "हं" त्यांनी कमावलेला होता. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात गळक्या नळांच्या तक्रारी ऐकण्यात गेली. रंगांशी संबंध आला तो लोकांच्या भिंतींवरच्या ओलीच्या डागांपुरता. निवृत्तीनंतर दुपारी घरात सूनबाईंच्या शिकवण्या भरू लागल्या. तेवढा वेळ सासऱ्यांनी कुठेतरी असावं, एवढीच तिची अपेक्षा होती. कुठे, याबद्दल ती आग्रही नव्हती. शहराच्या मध्यभागी ऐन उन्हात फुकट गारवा देणारी ठिकाणं दोनच: मोठं संग्रहालय आणि त्याच्या समोरच्या गल्लीतल्या आर्ट गॅलऱ्या. संग्रहालयात झोप छान लागे. गॅलऱ्यांत चहा मिळे, बिस्किटासह. मात्र चहाआधी चित्रासमोर बेताचा वेळ उभं राहावं लागतं आणि चित्रकाराशी दोन शब्द बोलावे लागतात, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. शब्द ठरलेले होते. "हे तुम्ही नुसतं रंगवलेलं नाही, भोगलंय." मग जरा थांबून, "नोकरी करता? असे हात, आणि फायलींत?" एवढ्यावर दुसरा कप येई. गॅलऱ्यांच्या चहावाल्याने त्यांना दर्दी हे नाव थट्टेनं ठेवलं. चित्रकारांनी ते मनावर घेतलं.

आजच्या गॅलरीत बघायला चिटपाखरू आलं नव्हतं. भिंतींवर ओळीनं बंद खिडक्या रंगवलेल्या. टेबलाशी एक बाई थर्मास घेऊन बसल्या होत्या.

"तुम्हीच का ते?" त्या म्हणाल्या. "चष्मा काढून परत घालणारे?"

दर्दी सुखावले. कीर्ती एवढी पसरली असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. "चित्रकार दिसत नाहीत?"

"माझे यजमान. ड्यूटीवर आहेत." बाईंनी कप भरून पुढे सरकवला. "काही वर्षांपूर्वी याच गॅलरीत तुम्ही त्यांना विचारलंत, असे हात, आणि फायलींत? दुसऱ्या दिवशी विमा कंपनीतली नोकरी सोडून घरी आले. येताना रंग घेऊन आले."

"वा!" दर्दी सवयीनं म्हणाले.

"एक चित्र खपलं नाही. लेकीचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं, आता कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. खेटे घालून घालून शेवटी यांना समोर संग्रहालयात गार्डची नोकरी लागली. म्हटलं, सुटलो एकदाचे. तर तिथे तुम्ही!"

"मी?"

"वरच्या मजल्यावर, जुन्या चित्रांच्या दालनात. रोज स्वतःची खुर्ची देतात ना तुम्हाला?"

दर्दींना तो पहारेकरी आठवला. पहिल्या दिवशी त्यानं "ओळखलंत का सर?" असं विचारलं होतं आणि हे म्हणाले होते, "न ओळखायला काय झालं?" असं ते सगळ्यांनाच म्हणत. त्या दिवसापासून खुर्ची मिळू लागली. पिकल्या केसांचा मान, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

"घरी येऊन सांगतात, सर एकेका चित्रासमोर तासभर डोळे मिटून बसतात. चित्र आतून बघतात म्हणे. ते बघून यांनी पुन्हा ब्रश हातात घेतलाय. आज सुटताना राजीनामा देणार आहेत. माझं ऐकत नाहीत, मला कला कळत नाही म्हणतात." बाई पुढे झुकल्या. "काका, खरं सांगा. कशी आहेत चित्रं?"

इतक्या वर्षांत दर्दींनी आज प्रथमच एका चित्राकडे पाहिलं. खिडकी बंद होती. चांगली की वाईट, देव जाणे.

"मला यातलं काही कळत नाही हो," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "मी चहासाठी येतो."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं दाराकडे बोट केलं. "मग हेच तिकडे जाऊन सांगा. तुमचं ऐकतील."

कप तसाच ठेवून दर्दी उठले. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

धापा टाकत ते दालनात पोचले, तेव्हा बंद होण्याची घंटा वाजत होती. पहारेकरी लगबगीनं उठला आणि त्यानं रुमालानं खुर्ची झटकली. त्याच्या गणवेशाच्या खिशातून लिफाफा डोकावत होता.

"बसा सर. पाहिलंत प्रदर्शन?"

"पाहिलं. नोकरी सोडू नका."

पहारेकरी हसला. "परीक्षा घेताय माझी."

"अहो, परीक्षा कसली डोंबलाची! मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. मी नळखात्यातला माणूस. जे तुम्हाला बोललो ते प्रत्येकाला बोलतो, एका कपासाठी. आणि या खुर्चीत मी झोपतो. झोपतो हो! घोरत नाही, एवढंच!"

आयुष्यात इतकं खरं ते एका दमात कधी बोलले नव्हते. खुर्ची समोरच होती, ते बसले. पहारेकऱ्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग पहारेकऱ्याचा भरून आलेला आवाज आला.

"इतकी वर्षं या गल्लीत जाणकार बघतोय, सर. प्रत्येकाला सगळं कळतं. मला काही कळत नाही, असं म्हणणारे मोठे फक्त तुम्ही."

आणि लिफाफा हातात घेऊन तो साहेबांच्या खोलीकडे जिना उतरू लागला. चोरपावलांनी, सरांची तंद्री मोडू नये म्हणून.