बिनफोडणीचं वरण

१९५९च्या थंडीत शहाद्याच्या धर्मशाळेत शिबिर भरलं. तिथे चुनीलालबापूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "विलायतेत आता डोळ्यातच नवं भिंग बसवतात म्हणे. आपल्याकडे जाड चष्म्यावर भागवायचं. पण त्याआधी सात दिवस पट्टी. शिंकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. टाके उसवले की डोळा गेला म्हणून समजा."

तिसऱ्या दिवशी सारंगखेड्याहून निरोप आला, बापूंचे थोरले भाऊ पहाटे गेले. बापूंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तोंडात पदर कोंबला आणि निरोप्याला बाहेरच्या बाहेर परत पाठवलं.

"दादा काबर उना नही अजून?" भावाची वाट पाहून कंटाळलेल्या बापूंनी नवऱ्याच्या हक्काने दरडावलं.

"कपाशीनी वेचणी चालू शे. येतीन ना," म्हणत त्या धर्मशाळेच्या अंगणात मांडलेल्या चुलीकडे वळल्या.

घरात सुतक, वरणाला फोडणी द्यायला त्यांचा हात धजेना. "डॉक्टरनी तिखट बंद करेल शे," असं सांगून त्यांनी तसंच वरण भरवलं. लसणाच्या फोडणीशिवाय ज्यांच्या घशाखाली कधी घास उतरला नव्हता, ते बापू मुकाट्याने जेवले. पुढेही रोज तेच जेवले, आणि दादाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. निभावलं एकदाचं, म्हणून पार्वतीबाई देवाला हात जोडत राहिल्या.

सातव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. "जखम छान भरलीय. आता भीती नाही."

बापूंनी त्यांचा हात घट्ट धरला.



"मंग आते रडाले हरकत नही ना, साहेब?"