डावा कौल

डावी पाकळी पडली. उजवी देवाच्या दगडाला ओली चिकटूनच राहिली. डावी म्हणजे नकार, हे आपटा गावाच्या आसपास शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी फरिदा त्या उजवीकडे बघत राहिली, वेडी आशा, दुसरं काय!

मागणं काही फार नव्हतं. मुरूम नेऊन नेऊन डोंगर पार सोलून निघाला होता. गेल्या पावसाळ्यात त्याचा चिखल खालच्या चार घरांत कमरेएवढा शिरला. एक घर फरिदाचं, तिच्या शेजारचं पुजारी काशिरामचं. मग करंजाड्याच्या नव्या इमारतींतल्या सोसायटीवाल्यांनी हौसेनं गुलमोहर लावले, फोटो काढले. दोन वाऱ्यांत सगळे आडवे. डोंगर धरून ठेवायचा तर ऐन, किंजळ, बेहडा असली खोल मुळांची झाडंच हवीत, आणि ती उरलीत फक्त या देवराईत. खाली पडलेलं बी तेवढं द्या, रोपं मी करते, एवढंच फरिदाचं म्हणणं. पण देवराईतली काडीसुद्धा कुणी न्यायची नाही, हा बापजाद्यांचा नियम. म्हणून काशिरामनं कौल लावला होता.

"दादा, अजून एकदा लावा ना," फरिदा म्हणाली. "तुमची नातवंडंपण त्या डोंगराखालीच झोपतात."

काशिरामनं दगडावरची पाकळी हळूच काढून घेतली.

"देवाला दोनदा इचारत नाय, बाय."

फरिदाला चीड आली, रडूही आलं. पण भांडणार कुणाशी? भांडायला देव आपला तरी हवा. ती मुकाट घरी आली. अंगणात माती आणि शेणखत भरून ठेवलेल्या चारशे पिशव्या होत्या, त्यांच्याकडे तिनं चार दिवस ढुंकून बघितलं नाही.

पाचव्या दिवशी काशिराम दारात हजर. पाणी प्यायला. ऊन वाढलंय म्हणाला, म्हशीचं दूध आटलंय म्हणाला. फरिदा हूं हूं करत राहिली. तिचा राग अजून गेला नव्हता. शेवटी म्हातारा कमर धरत उठला आणि जमिनीकडे बघत बोलला, "देवराई झाडून काढली. केर भायेर टाकलाय, हद्दीच्या दगडांपल्याड. देवाची वस्तू मला देता येत नाय. केर काय, कोनीपन न्यावा."

एवढं बोलून तो गेला. मागं वळूनही बघितलं नाही.

फरिदा गोणी घेऊन निघाली. फाल्गुनातली देवराई, आत पानांचा थर घोट्यापर्यंत. हद्दीच्या दगडांबाहेर तीन ढीग होते. एक बेहड्याचा, एक ऐनाचा, एक किंजळाचा.

केरात एकही पान नव्हतं.