बंगळुरूची एक जागा

शरणप्पा राजपालशी बोलायला बसले त्याला पाऊण तास झाला होता, आणि कैवल्यने बुटाची तीच नाडी चौथ्यांदा सोडून बांधली.

एजंट म्हटलं की तुळजापुरात लोकांना विमा आठवतो, नाहीतर प्लॉट. शरणप्पा दोन्हीतले नव्हते. सोलापूरचे, एके काळी स्वतः फुटबॉल खेळलेले, आता कॉलेजातली पोरं हेरून क्लबपर्यंत पोचवणारे. कुठल्या कागदावर सही करायची, कुठल्या नाही, पदवी अर्धवट का सोडायची नाही, हे ते घरच्या माणसासारखं समजावत. या खेपेला बंगळुरूच्या एका क्लबात, एकवीस वर्षांखालच्या संघात, जागा होती. एकच. ती कैवल्यला नाहीतर राजपालला मिळणार, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

कैवल्यशी ते पाच मिनिटं बोलले. "वडलांना विचारून ठेव. पासपोर्टला अर्ज कर. गुडघ्याला जप." बस्स. एवढं तर ते मैदानात दिसेल त्या पोराला सांगतील, असं त्याला वाटलं.

आणि राजपालला पाऊण तास! लिंबाखाली दोघं बसले होते. शरणप्पा राजपालची कागदपत्रं पुन्हा पुन्हा चाळत होते. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. राजपालने बाहीने डोळे पुसले.

आनंदाश्रू, कैवल्य मनात म्हणाला. त्याच्या पोटात आग पडली.

तीन वर्षं दोघं एका संघात होते, एका डब्यात जेवत होते. गोल कैवल्यने जास्त मारले होते, पण लोकांच्या तोंडात नाव राजपालचं. त्याच्या डाव्या पायाशी चेंडू गेला की टपरीवरची माणसं चहा टाकून कठड्याशी यायची. कैवल्यने गोल केला की टाळ्या वाजवायची, एवढंच. घरी आईसुद्धा विचारायची, "आज राजपालनं पास दिला का रे?"

"काय म्हणाले?" कैवल्यने विचारलं.

"काय न्हाय. बघू म्हणले." राजपालने बॅग उचलली. "तू सराव सोडू नको बघ."

सराव सोडू नको! अजून निवड जाहीर झाली नाही तोच हा उपदेश करायला लागला. कैवल्यला ते फार झोंबलं. आणि तेवढ्यात त्याला जळकोट आठवलं.

दिवाळीच्या सुट्टीत तो राजपालच्या घरी गेला होता. राजपाल पाण्याला गेलेला, आणि त्याची आई विठाबाई कैवल्यच्या ताटात भाकरी वाढत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "दाखल्यावर एक जून हाय, पर ती तारीख त्याची न्हाय. गुरुजींनी अंदाजानं टाकली. खरी दवाखान्याच्या रजिस्टरात हाय, तुळजापूरच्या. राजपालला म्या सांगितलं न्हाय. कुठं बोलून बसंल, अन् दाखल्याचं लफडं व्हईल. तू बी बोलू नको, लेकरा."

"न्हाय बोलत, मावशी," तो म्हणाला होता. आणि भाकरी मागून घेतली होती.

लिंबाखालच्या त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शरणप्पांना एसटी स्टँडवर गाठलं.

"साहेब, एक सांगायचं होतं. राजपालची जन्मतारीख खोटी हाय."

शरणप्पांनी पिशवी खाली ठेवली. "काय म्हणालास?"

"दाखल्यावरची. गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली. त्याच्या आईनंच सांगितलं मला. खरी नोंद इथल्या सरकारी दवाखान्यात हाय. तुम्ही बघा."

"पक्कं?"

"पक्कं."

शरणप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. "याचा परिणाम काय होईल, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक हाय, साहेब."

"अन् तरी सांगतोस?"

कैवल्यने मान खाली घातली. "खरं ते खरं."

सोलापूरची गाडी लागली. शरणप्पा तीत चढले नाहीत. ते जळकोटच्या गाडीत जाऊन बसले.

कैवल्यला लाज वाटली, नाही असं नाही. पण पोटातली आग विझली की लाज फार वेळ टिकत नाही. कागद खोटा म्हणजे पोरगा बाद, हिशेब सरळ होता. त्याने घरी जाऊन पासपोर्टचा अर्ज भरला, वडिलांना पेढेवाला कोणता चांगला ते विचारलं, आणि पुढचे चार दिवस राजपालशी जरा जास्तच गोड वागला.

पाचव्या दिवशी शरणप्पा मैदानावर आले. त्यांच्यासोबत विठाबाई होती, घडी मोडलेलं नवं लुगडं नेसलेली. सगळा संघ गोळा झाला. कैवल्य पुढे होणार एवढ्यात राजपाल धावत आला आणि त्याच्या गळ्यातच पडला. तो हुंदके देत होता.

"त्या दिवशी याला मी पाऊण तास नुसता धीर देत बसलो होतो," शरणप्पा सगळ्यांना म्हणाले. "दाखल्यानं हा वयात बसत नव्हता. सात महिन्यांनी मोठा! अन् गंमत बघा, पहिलीत लवकर बसवायला गुरुजींनीच पोराचं वय वर्षभरानं वाढवून लिहिलेलं. दवाखान्याच्या नोंदीनं आरामात बसतो. काल क्लबानं याचं नाव मंजूर केलं."

मग त्यांनी कैवल्यचा हात हातात घेऊन वर उचलला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आणि हे मला सांगायला कोण आलं माहीत आहे? क्लबाला ज्याचं नाव मी कळवून बसलो होतो, तो."